मावळ्यांचे संवाद कुठे गेले? मोबाइल, मिक्सर आणि एक वजाबाकी

बेळगावात वैशाखातल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्र रात्र चालते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर गड उभा असतो, त्यावर मावळे, मागे जनरेटर आणि कोपऱ्यात मिक्सर. संवाद आधीच रेकॉर्ड केलेले असतात, कलाकार फक्त ओठ हलवतात. रेकॉर्डिंग मोबाइलमध्ये असतं. आणि ऐन चौकात कधी कधी असं होतं की तुतारी वाजते, टापा ऐकू येतात, महाराज बोलू लागतात, पण शब्दच नाहीत. विहिरीतून यावा तसा नुसता घुमारा. ‘फाईलच खराब हाय काय की!’ म्हणत कुणीतरी इअरफोन लावून बघतो, तर संवाद अगदी स्वच्छ.

फाईल खराब नसते. फोन आणि मिक्सर दोघेही आपापलं काम चोख करत असतात, आणि घोळ नेमका त्यातूनच होतो.

इअरफोनची छोटी पिन, म्हणजे दुकानात मिळणारी स्टिरिओ ईपी पिन, जवळून बघा. काळ्या रेघांनी तिचे भाग पाडलेले असतात. टोकावर डावा आवाज, मधल्या कडीवर उजवा आणि दांड्यावर दोघांची सामाईक ग्राउंड. मिक्सरकडची मोठी पी-38 पिन दिसायला हुबेहूब तशीच असते, पण मिक्सरचं बॅलन्स्ड इनपुट त्या टोकाचा आणि कडीचा अर्थ वेगळा लावतं. त्याच्या लेखी टोकावर सिग्नल आणि कडीवर तोच सिग्नल उलटा. मिक्सर दोघांची वजाबाकी करतो. उलट्याची वजाबाकी म्हणजे बेरीज, म्हणून मूळ आवाज टिकतो. वाटेत लाइटच्या वायरीतून शिरलेली खरखर मात्र दोन्ही तारांवर सारखीच असते, त्यामुळे ती वजा होऊन जाते. स्टेजवरून लांबलचक केबल ओढूनही माइक स्वच्छ ऐकू येतो, तो या युक्तीमुळे.

आता त्याच इनपुटला स्टिरिओ केबल लावली की मिक्सर इमानेइतबारे डाव्यातून उजवा वजा करतो. संवाद एका माइकवर रेकॉर्ड झालेले, म्हणून डावीकडे-उजवीकडे अगदी सारखे. उत्तर शून्य. तुतारी एका बाजूला जास्त ठेवलेली असते, म्हणून ती वाचते. स्टुडिओत चढवलेला घुमारा दोन्ही बाजूंना थोडा वेगवेगळा असतो, तोही वाचतो. गाण्यातला गायकाचा आवाज काढून कराओके ट्रॅक करण्याची जुनी पद्धत हीच, फक्त इथे ती कुणी मागितलेली नसते.

अनुभवी साउंडवाला अशा वेळी पिन अर्धी बाहेर ओढतो आणि संवाद परत येतात. यात जादू नाही. पिनचं टोक सॉकेटमध्ये भलत्याच पट्टीला टेकतं, दुसरी बाजू तुटते आणि वजा करायला काही उरत नाही. पण ट्रॉलीने एक खड्डा खाल्ला की संपलं. खरा इलाज स्वस्त आहे. एका बाजूला स्टिरिओ ईपी आणि दुसऱ्या बाजूला दोन मोनो पी-38 अशी केबल घ्यायची आणि दोन चॅनेल वापरायचे, किंवा मिक्सरवर स्टिरिओ चॅनेल असेल तर तो. डावी-उजवी तार एकत्र पिळून एकाच पिनला जोडणं मात्र टाळावं. फोनचे दोन अ‍ॅम्प्लिफायर मग एकमेकांवरच जोर काढत बसतात.

माइकच्या तीन टाचण्यांच्या सॉकेटमध्ये फोन घालायचा मोह त्याहून वाईट. माइक काही मिलिव्होल्ट देतो, फोन पाऊण-एक व्होल्टपर्यंत जातो, त्यामुळे आवाज फाटतो. शिवाय फँटमचं, म्हणजे माइकला केबलमधूनच वीज पुरवण्याचं, बटण चालू असेल तर त्याच तारांतून 48 व्होल्ट फोनच्या दिशेने निघतात.

घोंऽ असा आवाज ही वेगळी तक्रार. फोन चार्जरला, चार्जर जनरेटरला आणि मिक्सरही त्याच जनरेटरला. केबलच्या ग्राउंडमुळे एक वेढा पूर्ण होतो आणि 50 हर्ट्झची वीज त्यातून गाऊ लागते. चार्जर काढून बघा. घोंघों थांबली तर निदान झालं. रात्रभर चार्जिंग हवंच असेल तर पॉवर बँक लावा, तिचा जनरेटरशी संबंध नसतो.

ब्लूटूथचा आवाज दोन-दशांश सेकंद उशिरा येतो म्हणून लोक त्याला नावं ठेवतात. चित्ररथाला त्याने फारसा फरक पडत नाही, कारण कलाकारही स्पीकर ऐकूनच ओठ हलवतात. मागे एलईडी पडद्यावर व्हिडिओ चालू असेल तर गोष्ट वेगळी. मला भीती गर्दीची वाटते. ब्लूटूथच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी शरीरातलं पाणी सहज शोषून घेतं, आणि फोन खिशात घालून ऑपरेटर गर्दीत उतरला की संवाद तुटक येऊ लागतात. केबलला ही अडचण नाही. फक्त फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर अफजलखानाच्या भेटीत कुणाची तरी रिंगटोन वाजायची.