राजकीय अनुबोधपट : धोक्यातील लोकशाहीचे कथन

सत्ता कशी मिळवली जाते, कशी वापरली जाते आणि तिला विरोध कसा होतो, याचे प्रत्यक्ष घटनांच्या चित्रणातून केलेले कथन म्हणजे राजकीय अनुबोधपट. निवडणुका, न्यायालये, वृत्तपत्रे व सभास्वातंत्र्य यांच्यावर गदा येत असल्याचे मांडणारे अनुबोधपट ही त्याची एक ठळक शाखा असून प्रस्तुत नोंदीत मुख्यतः तिचाच विचार केला आहे. खानदेशाशी संबंधित माहिती नोंदीच्या उत्तरार्धात दिली आहे.

संज्ञेबाबत मराठीत एकवाक्यता नाही. मराठी विश्वकोशाने ‘अनुबोधपट’ हा शब्द स्वीकारला, तर वृत्तपत्रांत आणि महोत्सवांच्या पत्रिकांत ‘माहितीपट’ रूढ झाला. ‘लघुपट’ हा केवळ लांबीचा निर्देश असूनही त्याच अर्थाने सर्रास वापरला जातो. हिंदीतील ‘वृत्तचित्र’ मराठीत रुजले नाही. पहिल्या शब्दात बोध आहे, दुसऱ्यात माहिती आहे. ‘डॉक्युमेंटरी’ या मूळ इंग्रजी संज्ञेतील ‘दस्तऐवज’ मात्र दोन्हींतून निसटला आहे, तो उर्दूने ‘दस्तावेजी’ या विशेषणात राखला. ब्रिटिश अनुबोधपटकार जॉन ग्रिअर्सन यांनी फेब्रुवारी १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रातील परीक्षणात ‘डॉक्युमेंटरी’ हे विशेषण वापरले, तेव्हापासून ते इंग्रजीत स्थिरावले असे सामान्यतः मानतात; फ्रेंचमध्ये प्रवासपटांसाठी ते त्याआधीच वापरात होते. ‘वास्तवाची सर्जनशील मांडणी’ ही त्यांच्या नावावर सांगितली जाणारी व्याख्या मात्र १९३० नंतरची आहे. तिच्यातील ‘वास्तव’ आणि ‘सर्जनशील’ या दोन शब्दांतील ओढाताण पुढे या प्रकाराच्या सर्व वादांच्या मुळाशी राहिली.

ही ओढाताण समजून घेण्यास एक देशी कसोटी उपयोगी पडते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे निधन डिसेंबर १९२६ मध्ये धुळे येथे झाले व १९२७ मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथेच स्थापन झाले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्याच खंडाच्या (१८९८) प्रस्तावनेत त्यांनी अस्सल पत्रे आणि बखरी यांच्या प्रामाण्यात भेद केला. बखर ही मागाहून, कोणाच्या तरी सांगण्यावरून व काही एक हेतू धरून रचलेली असते. पत्र घटनेच्या वेळचे असते, त्यामुळे एखादे चिटोरेही सबंध बखरीला खोटे पाडू शकते, असा त्यांचा रोख होता. राजकीय अनुबोधपटात ही दोन्ही साधने एकाच वेळी असतात. कॅमेऱ्याने टिपलेले मूळ दृश्य हे पत्राच्या जातीचे, तर दृश्यांची जोडणी, निवेदन आणि संगीत ही बखरीच्या जातीची. अनेक समीक्षक संपूर्ण पटाला ‘खरा’ किंवा ‘प्रचारकी’ ठरवून मोकळे होतात. त्यापेक्षा हे दोन थर वेगवेगळे तपासणे अधिक सयुक्तिक दिसते.

भारतातील आरंभाविषयी दोन मते आहेत. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर (सावेदादा) यांनी मुंबईत साधारणतः १८९९ मध्ये एका कुस्तीचे आणि १९०१ च्या अखेरीस केंब्रिजहून गणितात यश मिळवून परतलेल्या रँग्लर परांजपे यांच्या स्वागताचे चित्रीकरण केले. मराठी लेखक या दुसऱ्या पटाला राष्ट्रीय भावनेचा पहिला चित्रपट म्हणण्याकडे झुकतात. दुसऱ्या मतानुसार २२ सप्टेंबर १९०५ रोजी कलकत्त्याच्या टाउन हॉल परिसरात झालेल्या वंगभंगविरोधी सभेचे हीरालाल सेन यांनी केलेले चित्रण हा पहिला राजकीय पट होय. सेन यांचे चित्रपट १९१७ च्या आगीत नष्ट झाले. तरीही विषय, हेतू आणि लोकचळवळीशी असलेला संबंध पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. सावेदादांचे श्रेय वार्तापटाच्या प्रारंभाचे आहे आणि तेही थोडे नाही.

लोकशाहीच्या ऱ्हासाचे चित्रण करताना पहिली अडचण तांत्रिक असते. रणगाडे रस्त्यावर आले तर ते दिसतात. परंतु एखादा अध्यादेश, न्यायालयाची लांबलेली तारीख किंवा समितीतील बहुमत यांना स्वतःचे दृश्यरूप नसते. ब्राझीलच्या पेत्रा कोस्ता यांच्या ‘द एज ऑफ डेमॉक्रसी’ (२०१९) या पटात ही अडचण कशी हाताळली आहे ते पाहण्यासारखे आहे. अध्यक्षा दिल्मा रूसेफ यांच्यावरील महाभियोगाच्या वेळी ब्राझिलिया येथील संसदेसमोरच्या हिरवळीवर मधोमध धातूचे कुंपण घालून दोन्ही बाजूंच्या जमावांना वेगळे केले होते. उंचावरून घेतलेल्या दृश्यात हे कुंपण एका सरळ रेषेसारखे दिसते आणि देशाच्या दुफळीविषयी निवेदनाने सांगायचे ते बरेचसे तीच रेषा सांगते. १७ एप्रिल २०१६ च्या मतदानात एकेक सदस्य ध्वनिक्षेपकापाशी येऊन देवाचे, बायकोचे, मुलाबाळांचे नाव घेत मत देतो. आरोपांचा उल्लेख क्वचितच होतो. येथे निवेदकाने गप्प राहणे हीच मांडणी ठरते. याच पटात अध्यक्षीय निवासाच्या रिकाम्या दालनांतून कॅमेरा संथपणे फिरतो, तो भाग मात्र बखरीचा आहे, कारण ते रितेपण घटनेने दिलेले नाही, दिग्दर्शिकेने शोधलेले आहे.

निवेदन प्रथमपुरुषी आहे. कोस्ता यांचे आईवडील लष्करी राजवटीविरुद्ध भूमिगत होते आणि आजोबा एका बड्या बांधकाम कंपनीच्या संस्थापकांपैकी होते. ही दोन्ही नाती त्या लपवत नाहीत, त्यामुळे प्रेक्षकाला सांगणाऱ्याचा पक्ष आधीच कळतो. मात्र १९७६ मध्ये साओ पाउलो येथे मारल्या गेलेल्या कार्यकर्त्यांच्या एका छायाचित्रातून त्यांनी प्रेतांजवळची शस्त्रे संगणकाच्या साहाय्याने काढून टाकल्याचे नंतर उघड झाले. ती शस्त्रे पोलिसांनी मागाहून ठेवलेली होती, असे त्यांचे म्हणणे. ते खरे मानले तरी अस्सल कागदावरील मजकूर खोडून दुरुस्त करण्याचा अधिकार संपादकाला पोचत नाही; तळटीप देता येते, खाडाखोड करता येत नाही. निवेदनात तसे एक वाक्य घालणे सहज शक्य होते.

याच्या उलट टोकाला चिलीचे दिग्दर्शक पात्रिसियो गुस्मान यांचा तीन भागांतील ‘द बॅटल ऑफ चिली’ (१९७५–७९) आहे. मार्च १९७३ च्या निवडणुकीपासून ११ सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावापर्यंतच्या घटना, त्यांचा शेवट ठाऊक नसताना टिपलेल्या असल्यामुळे, त्यात पश्चात्‌बुद्धीचा दोष कमी आहे. जून १९७३ च्या फसलेल्या उठावात लिओनार्डो हेन्रिक्सन या कॅमेरामनने आपल्यावर नेम धरलेला सैनिक चित्रित केला व त्या गोळीनेच तो मरण पावला. ते दृश्य पहिल्या भागाच्या अखेरीस येते. छायाचित्रणकार होर्खे म्यूलर यांना १९७४ मध्ये पकडून नेण्यात आले आणि ते पुन्हा दिसले नाहीत. चित्रित फिती स्वीडिश दूतावासाच्या मदतीने देशाबाहेर गेल्या आणि त्यांचे संकलन क्यूबात झाले.

लोकशाहीचा अंत उत्सव म्हणून दाखवणारी परंपराही तितकीच जुनी आहे. नाझी पक्षाच्या १९३४ च्या न्यूरेंबर्ग मेळाव्यावर लेनी रीफेनश्टाल यांनी केलेला पट हे तिचे सर्वपरिचित उदाहरण होय.

भारतात फिल्म्स डिव्हिजनची स्थापना १९४८ मध्ये झाली आणि तिचे पट मुख्य चित्रपटाआधी दाखवणे चित्रपटगृहांना परवान्याच्या अटीनुसार बंधनकारक होते. ही ‘न्यूज’ संपेपर्यंत बाहेर बिडी ओढत उभे राहण्याची प्रेक्षकांची सवय हाही राजकीय अभिप्रायच होता, असे म्हणता येईल. आणीबाणीत (जून १९७५ ते मार्च १९७७) या यंत्रणेने वीस कलमी कार्यक्रमाचा प्रचार केला. त्याच काळात आनंद पटवर्धन यांचा बिहार आंदोलनावरील पट गुप्तपणे दाखवला जात होता. त्याच्या प्रतीचे तुकडे करून ते वेगवेगळ्या प्रवाशांमार्फत परदेशी पाठवले गेले आणि तेथे जोडले गेले. राजकीय कैद्यांवरील त्यांचा पट १९७८ चा आहे. चित्रपटांचे पूर्वपरीक्षण (सेन्सॉर) घटनाबाह्य नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ख्वाजा अहमद अब्बास यांच्या एका अनुबोधपटाच्या निमित्ताने १९७० मध्ये दिला. पुढे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय अनुबोधपट महोत्सवात भारतीय पटांना परीक्षण-प्रमाणपत्राची अट घातली गेली, तिच्या विरोधातून २००४ मध्ये ‘विकल्प’ हा समांतर महोत्सव उभा राहिला. प्रमाणपत्रविषयक अपील न्यायाधिकरण २०२१ मध्ये रद्द झाले, तर २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली.

धोक्यातील लोकशाहीची कथा बहुधा तिच्या पायाभरणीच्या स्मृतीपासून सुरू होते. खानदेशापुरती ही स्मृती प्रामुख्याने फैजपूरची आहे. डिसेंबर १९३६ मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली तेथे भरलेले काँग्रेसचे अधिवेशन ग्रामीण भागातील पहिले मानले जाते आणि संविधान सभेच्या मागणीचा त्यात पुनरुच्चार झाला. नंदुरबारचा शिरीषकुमार ९ सप्टेंबर १९४२ रोजी गोळीबारात मरण पावला. त्याची कथा पाठ्यपुस्तकांनी आणि पुतळ्यांनी जपली.

खानदेशाशी प्रत्यक्ष संबंध असलेला महत्त्वाचा विषय नर्मदाकाठचा आहे. सरदार सरोवराने बाधित झालेली महाराष्ट्रातील ३३ गावे अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) तालुक्यांत आहेत आणि त्यांतील मणिबेली येथील सत्याग्रह देशभर गाजला. या खोऱ्यातील लढ्यावर पटवर्धन व सिमंतिनी धुरू यांनी १९९५ मध्ये रोजनिशीच्या पद्धतीने पट केला. असे पट प्रस्तुत शाखेत मोडतात काय, याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक त्यांना विस्थापनाचे किंवा पर्यावरणाचे पट समजतात, कारण त्यांत राजधानी, संसद व सत्तांतर नाही. परंतु ग्रामसभेचे म्हणणे नोंदवलेच जात नसेल तर लोकशाहीला असलेला धोका त्या गावापुरता पूर्ण झालेला असतो, आणि अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रांतील पंचायतींविषयीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला दिलेले स्थान लक्षात घेता व्यापक व्याख्याच योग्य ठरते. लोकसभेच्या मतदारसंघांच्या यादीत नंदुरबार महाराष्ट्रात पहिल्या क्रमांकावर आहे, आणि याच जिल्ह्यातील टेंभली येथे २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले ‘आधार’ क्रमांक देण्यात आले. नर्मदाकाठच्या काही केंद्रांवर मतदान पथके यंत्रांसह बोटीने जातात. मतदानाच्या बातम्यांत ही बोट दरवेळी लोकशाहीच्या कौतुकाचे चित्र म्हणून येते; त्याच पाण्याखाली त्या मतदारांची जुनी शेते आहेत, हे दाखवण्यासाठी कॅमेरा बोटीवरून खाली वळवावा लागतो.

भाषेचा प्रश्न येथे विशेष आहे. सपाटीवर अहिराणी, रावेर-यावल भागात लेवा गणबोली, सातपुड्यात पावरी व भिलीचे विविध प्रकार, नवापूरकडे मावची बोलली जाते. पटांचे निवेदन मात्र सहसा हिंदीत किंवा इंग्रजीत असते. पाड्यावर पट दाखवताना कोणी तरुण पडद्याशेजारी उभा राहून निवेदनाचा सारांश बोलीत सांगतो, आणि सांगता सांगता त्यात आपले मतही घालतो. उलट दिशेचे भाषांतर अधिक अवघड असते. साक्ष देणारी म्हातारी ‘सरकार’ म्हणते तेव्हा तिच्या मनात वनरक्षक असेल, तलाठी असेल, धरणावरचा साहेब असेल किंवा दिल्ली असेल. उपशीर्षक लिहिणाऱ्याला यांतला एक निवडावाच लागतो, आणि निवेदकाच्या आवाजाखाली तिचा मूळ आवाज पार बुजवून टाकला असेल तर ती निवड बरोबर होती की नाही हे पुढे कोणालाही तपासता येत नाही.