परदेशात पोस्टिंग, सुट्टीत भटकंती : थोडी पार्श्वभूमी

ग्वाल्हेरला मोरारची छावणी आहे, महाराजपुऱ्याला हवाई दलाचा तळ आहे. शहराच्या लष्कर नावाच्या भागातल्या मराठी घरांतही ओळखीपाळखीत एखादा तरी फौजी निघतोच. अशा एखाद्याचा नंबर संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत लागला की नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्षभर फोटो येत राहतात. लेबनॉनमधल्या टायर शहराचे रोमन खांब, बैरूतचा समुद्र, युगांडातलं व्हिक्टोरिया सरोवर. मग कोणी तरी काका हमखास विचारतात, "अरे, हा ड्युटीवर गेलाय की सहलीला?" प्रश्न थट्टेतला असला तरी त्याला शंभरावर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात एक गोष्ट फारशी बदललेली नाही. परदेशातल्या शिपायाची सुट्टी फौजच देते, फौजच आखते आणि तिला कुंपणही फौजच घालते.

आपल्या शहरापुरतं बोलायचं तर समुद्रापारची ही नोकरी संस्थानी काळातली. १८८० च्या दशकाअखेरीस इंग्रजांनी संस्थानांकडून 'इम्पीरियल सर्व्हिस' पलटणी उभ्या करून घेतल्या. खर्च संस्थानाचा, उपयोग साम्राज्याला. चीनमधल्या बॉक्सर या परकीयविरोधी बंडाच्या वेळी ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे स्वतः तिकडे गेले आणि 'ग्वाल्हेर' नावाचं इस्पितळी जहाज त्यांनी पुरवलं. १९१४ मध्ये त्यांनी 'एम्प्रेस ऑफ इंडिया' हे प्रवासी जहाज विकत घेतलं. त्याचंही इस्पितळ झालं, नाव पडलं 'लॉयल्टी'. त्याच सुमारास शिंदे सरकारचं पायदळ एकीकडे सुएझ कालव्याच्या राखणीला होतं, तर दुसरीकडे पूर्व आफ्रिकेतल्या टांगा बंदरावरच्या फसलेल्या मोहिमेत.

पण शिपायाच्या मोकळ्या वेळाचं सगळ्यात बोलकं चित्र मिळतं ते इंग्लंडमधलं. पहिल्या महायुद्धात लढवय्ये आणि इतर मिळून सुमारे १,३८,००० हिंदी माणसं फ्रान्सला गेली. जखमींपैकी कित्येकांना ब्रायटनला नेण्यात आलं. तिथल्या रॉयल पॅव्हेलियन या राजवाड्याचं डिसेंबर १९१४ मध्ये इस्पितळ केलं होतं. बाहेरून घुमट-मिनार, म्हणजे कधी हिंदुस्थान न पाहिलेल्यांनी रचलेला हिंदुस्थान! आत धर्म आणि जातीप्रमाणे नऊ स्वयंपाकघरं, हिंदू-मुसलमानांचे पाण्याचे नळ निराळे. बरे होत आलेल्यांना लंडन दाखवायला नेत. यात माया होती तसा हिशेबही होता. राजधानीचा थाट पाहून शिपाई घरी चार चांगल्या ओळी लिहील, गावात त्या वाचून दाखवल्या जातील आणि भरतीला आणखी पोरं येतील. सरकारने या इस्पितळाची सचित्र पुस्तिका इंग्रजी, गुरुमुखी आणि उर्दूत छापली ती काही उगाच नाही.

त्याच गावात किचनर इस्पितळ होतं. तिथे मात्र तारांचं कुंपण आणि पहारा. फिरायला जायचं तर कोणाच्या तरी देखरेखीखाली. भीती एकच, हिंदी शिपायांच्या गोऱ्या बायकांशी ओळखी होतील. १९१५ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस या शौर्यपदकाचे मानकरी खुदादाद खान यांच्या शेजारी उभ्या असलेल्या इंग्रज नर्सचा फोटो वर्तमानपत्रात छापून आला, तर त्यावरून केवढा गहजब झाला. पत्रंही मोकळी सुटत नव्हती, सेन्सॉरच्या नजरेखालून जात होती. एका हाताने लंडन दाखवायचं आणि दुसऱ्या हाताने फाटकाला कडी घालायची, ही रीत तिथे पक्की झाली.

दुसऱ्या महायुद्धात शिपायाची भटकंती जास्त मोकळी झाली. जेरुसलेमच्या जुन्या शहरात हेरोदच्या दरवाजाजवळ हिंदुस्थानी यात्रेकरूंची एक जुनी धर्मशाळा आहे. सूफी संत बाबा फरीद तिथे राहिले होते अशी श्रद्धा. सुट्टीवर आलेले हिंदी सैनिक तिथे उतरत आणि त्यांच्यासाठी खोल्या वाढवाव्या लागल्या. त्या भागांची नावं आजही 'त्रावणकोर' आणि 'दिल्ली' अशी आहेत. १९४४ च्या उन्हाळ्यात इटलीतल्या फ्लोरेन्सजवळच्या मॉन्तेगुफोनी किल्ल्यात तर नवलच घडलं. उफिझी संग्रहालयातली चित्रं बॉम्बहल्ल्यांपासून वाचवायला तिथे आणून ठेवली होती, आणि त्यांच्या पहाऱ्यावर होते मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान. बोत्तिचेल्लीचं 'प्रिमाव्हेरा', दहा फूट रुंद, काचेशिवाय, गर्दीशिवाय. आज हजारो लोक तिकीट काढून ज्या चित्रासमोर दोन मिनिटं उभे राहतात, ते घाटावरच्या पोरांनी बंदूक खांद्याला लावून राखलं. ही सुट्टी नव्हती, ड्युटीच होती. पण काकांच्या प्रश्नाला याहून झकास उत्तर मला तरी सुचत नाही.

युद्ध संपल्यावर मराठ्यांची पहिली बटालियन पुढे लष्करप्रमुख झालेल्या थिमय्यांच्या ब्रिगेडबरोबर जपानला गेली. पश्चिम जपानात मुक्काम, अधूनमधून तोक्योत पहारा. सुट्टी घालवायला फौजेने ताब्यात घेतलेली हॉटेलं होती, पण जपान्यांमध्ये मिसळायला मनाई. कुंपण तेच, फक्त तारा दिसत नव्हत्या.

स्वतंत्र भारताच्या सैनिकाला परदेश दिसला तो मुख्यतः संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीमुळे. कोरिया, मग १९५६ पासून अकरा वर्षं गाझा, पुढे काँगो, कंबोडिया, सोमालिया. लेबनॉनमध्ये आपली बटालियन १९९८ मध्ये गेली. 'डॉलरमध्ये कमावतो' हा समज इथूनच पसरला, म्हणून जरा आकडे पाहू. सैन्य पुरवण्याबद्दल संयुक्त राष्ट्रं पैसे देतात ते सरकारला; २०१८ पासूनचा दर सैनिकामागे महिना १,४२८ डॉलर होता. शिपायाच्या हातात संयुक्त राष्ट्रं थेट ठेवतात रोजचा १.२८ डॉलर भत्ता. सुट्टीसाठी वेगळे दिवसाला १०.५० डॉलर, तेही सहा महिन्यांत जास्तीत जास्त पंधरा दिवसांचे. म्हणजे टायरच्या खांबांसमोर हसणाऱ्या पोराच्या सहलीला संयुक्त राष्ट्रांकडून मिळतात ते एवढेच पैसे. करमणूक आणि इंटरनेट या बाबी तर सैन्य पाठवणाऱ्या देशाशी संयुक्त राष्ट्रांचा जो करार असतो त्यातच येतात. मन रमलं नाही तर तळावरची माणसं बिघडतात, हे ब्रायटनच्या काळातही ठाऊक होतं.

कुंपण मात्र आता उलट्या कारणाने आहे. २००४ मध्ये काँगोत शांतिसैनिकांकडून स्थानिक बायका-मुलींच्या शोषणाची प्रकरणं उघड झाली. त्याआधीच, २००३ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी कडक नियम काढले होते. पुढे सैन्य पाठवणाऱ्या देशांच्या करारांतही ते घालण्यात आले. कुठल्या वस्तीत जायचं नाही, किती वाजता परत यायचं, कोणाबरोबर निघायचं, हे सगळं ठरलेलं असतं. पूर्वी साम्राज्याची अब्रू जपायची होती, आता समोरच्या दुबळ्या माणसाला जपायचं आहे. हा फरक मला मोठा वाटतो, जाचक असला तरी रास्त.

फोटोंचंही तसंच. जुलै २०२० मध्ये लष्कराने फेसबुक आणि इन्स्टाग्रामसह ८९ ॲप फोनवरून काढून टाकायला सांगितली. त्यामुळे सुट्टीतले फोटो जगाला दाखवणारा बहुधा फौजी नसतोच. तो आईला पाठवतो, आई ग्रुपवर टाकते आणि तिथून एखादा आतेभाऊ तो ठिकाणाच्या नावासकट स्टेटसला चढवतो. खांबामागे तळाचं फाटक किंवा गाडीचा नंबर दिसत असेल, तर पंचाईत होते ती तिकडच्या पोराची.