आंतरराष्ट्रीय रोमिंग

आपल्या देशातले सिम परदेशी कंपनीच्या नेटवर्कवर चालवण्याची सोय. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी माणसाला रोमिंग कळले ते विमानात बसण्याच्या कितीतरी आधी. बेळगावचे सिम कर्नाटक सर्कलचे (सर्कल म्हणजे मोबाइल सेवेचा परवाना-विभाग); कोल्हापूर, चंदगड आणि गोवा मात्र महाराष्ट्र सर्कलमध्ये. राज्याच्या हद्दीवरचा कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की रोमिंग लागायचे, आलेल्या फोनचेही पैसे कापले जायचे. हद्दीलगतच्या गावांत तर घरी बसल्या बसल्या पलीकडचा टॉवर पकडला जाई. २०१६-१७च्या सुमारास कंपन्यांनी देशांतर्गत रोमिंगचे शुल्क बंद केले. परदेशातले कायम आहे.

परदेशात फोन चालू करताच तिथले नेटवर्क सिममधल्या क्रमांकावरून मूळ कंपनी ओळखते (भारताचे संकेत ४०४ व ४०५) आणि तिच्याकडून ग्राहकाची खातरजमा करून घेते. दोन कंपन्यांत करार नसेल किंवा सिमवर सेवाच सुरू केलेली नसेल, तर टॉवरखाली उभे राहूनही उपयोग नाही. इंटरनेट बहुधा मूळ कंपनीमार्गे भारतात येऊन पुढे जाते, त्यामुळे ते संथ वाटते.

हँडसेटकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. अमेरिकेत २०२२ साली, ऑस्ट्रेलियात २०२४ साली ३जी बंद झाले. तिथे व्होल्टीई (४जी नेटवर्कवरून होणारा साधा फोन) रोमिंगमध्ये जमले नाही, तर इंटरनेट चालूनही साधा फोन लागत नाही.

आखातात नोकरीला किंवा जर्मनीत शिकायला गेलेले लोक तिथलेच सिम घेतात आणि गावाकडचे सिम दुसऱ्या खणात ठेवतात, कारण बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. हे सिम रिचार्ज करून जिवंत ठेवावे लागते. त्याचा डेटा मात्र बंद ठेवलेला बरा. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवर मजकूर जातो, पण कॉलवर निर्बंध आहेत. युरोपीय संघात १५ जून २०१७पासून एका सदस्य देशाचे सिम दुसऱ्या देशात घरच्या दराने चालते. स्वित्झर्लंड त्या संघात नाही, आणि सहलीला गेलेल्यांचे बिल फुगते ते नेमके तिथेच.

थोड्या दिवसांच्या प्रवासाला ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्येच उतरवायचे सिम) सोयीचे, मात्र ते फोनमध्ये उतरवायला इंटरनेट लागते. म्हणून घरच्या वायफायवरच ते काम उरकतात. घरच्या लँडलाइनचा ०८३१ने सुरू होणारा क्रमांकही निघण्यापूर्वीच शून्य गाळून +९१ ८३१ असा साठवलेला बरा.