सत्त्याऐंशीने भागलेली आगगाडी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या जुन्या घरात मे महिन्याच्या दुपारी वरच्या मजल्यावर शहाणा माणूस जात नाही. छत दगडी लाद्यांचं, बाहेर लू सुटलेली. खिडक्या ओढून घेतल्या तरी खोलीतला पारा ४२ अंशांवर. काकांची आगगाडी नेमकी त्याच खोलीत आहे: प्लायवूडच्या टेबलावर लांबट गोल मार्ग, पुठ्ठ्याचा बोगदा, आणि पाटीवर स्वतः काकांनी ब्रशने लिहिलेलं ग्वाल्हेर स्टेशन.

त्या दुपारी इंजिन बोगद्यातून बाहेर आलं, खिडकीकडच्या सरळ रुळावर पोचलं आणि काही कारण नसताना आडवं झालं. मागचे तीन डबे त्याच्या अंगावर. वळण नाही, वेग बेताचा, वाटेत काही पडलेलं नाही. काकांनी चश्मा वर सारला, गाल टेबलाला टेकवला, एक डोळा मिटून रुळाच्या रेषेत पाहिलं आणि मला म्हणाले, "इथून बघ." वरून सरळ दिसणारा रूळ दोन खिळ्यांच्या मध्ये पोट सुटल्यासारखा बाजूला आला होता. फार नाही, चारेक मिलिमीटर.

हा रूळ घातला होता संक्रांतीच्या सुमारास, खोलीत १२ अंश असताना. रुळाचा धातू म्हणजे तांबं, निकेल आणि जस्ताचं मिश्रण, ज्याला बाजारात जर्मन सिल्व्हर म्हणतात (चांदी त्यात औषधालाही नसते). एका अंशाला तो आपल्या लांबीच्या दहा लाखांत सुमारे १७ भाग वाढतो. ३० अंशांनी तापला तर मीटरभर रूळ वाढतो अर्धा मिलिमीटर. यात घाबरण्यासारखं काय आहे, असं वाटेल. पण दोन्ही टोकं घट्ट धरली असतील तर त्या अर्ध्या मिलिमीटरला जायला जागा नसते, आणि रूळ बाजूला फुगतो. फुगवटा किती, याचा हिशेब भूमितीचा आहे आणि उत्तर चकित करणारं आहे. मीटरभर लांबीचा रूळ एकाच कमानीत वाकला, तर अर्ध्या मिलिमीटरच्या वाढीतून मधोमध जवळजवळ १४ मिलिमीटरचं पोट सुटतं. काकांचे खिळे ३० सेंटिमीटरवर होते, म्हणून त्यांचं चार मिलिमीटरवर भागलं.

त्यांच्या मॉडेलचं प्रमाण १ ला ८७, रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर. जगभरात हेच माप सगळ्यांत जास्त चालतं आणि त्याला एचओ म्हणतात. तर ते चार मिलिमीटर ८७ ने गुणा: खऱ्या रेल्वेत रूळ ३५ सेंटिमीटर सरकल्यासारखं झालं. खऱ्या रेल्वेला हा धोका चांगला ठाऊक आहे. लांब जोडलेले रूळ ठरावीक तापमानाला बसवतात, खडी आणि रुळांखालचे आडवे स्लीपर त्यांना दाबून धरतात, आणि उन्हाळ्यात दुपारच्या वेळी माणसं रूळ बघत चालतात. टेबलावर खडी फेविकॉलने चिकटवलेली शोभेची. ती कुणाला काय दाबणार?

उपाय सोपा निघाला. दर मीटरला रुळाच्या जोडात दोन पोस्टकार्डांइतकी फट. मात्र ही फट थंडीत रूळ घालणाऱ्याने ठेवायची. मे महिन्यात घालाल तर जोड भिडवूनच घाला, थंडीत फट आपोआप पडते.

या एका अपघाताने मला काकांच्या छंदाकडे बघायची नवी नजर दिली. आपण समजतो की मॉडेल म्हणजे सगळंच ८७ ने भागलेलं. लांबी भागली, रुंदी भागली, खिडक्या भागल्या. पण पारा भागला जात नाही. गुरुत्वाकर्षण भागलं जात नाही. धुळीचा कण, विजेची उष्णता, माणसाच्या हाताचा थरथराट, सगळं मूळ मापातच टेबलावर येतं. मॉडेलचे बहुतेक अपघात या न भागलेल्या गोष्टींतून होतात.

वजनाचंच घ्या. लांबी ८७ ने भागली की आकारमान ८७ गुणिले ८७ गुणिले ८७, म्हणजे साडेसहा लाखांहून जास्त पटीने भागलं जातं. ग्वाल्हेरवरून रोज धावणारं डब्ल्यूएपी-७ हे विजेचं इंजिन १२३ टनांचं आहे. त्याचं तंतोतंत एचओ मॉडेल फक्त १८७ ग्रॅम भरेल. हल्लीच्या एक्सप्रेस गाड्यांना असतो तो एलएचबी डबा, रिकामा सुमारे ४० टनांचा, तर ६० ग्रॅम, म्हणजे एक मध्यम अंडं. असा हलका डबा रुळावर ठेवून बघा. जोडावर केसभर उंची-सखलपणा आला की उडतो, वळणावर ओढला की कलंडतो. म्हणून अमेरिकेतल्या राष्ट्रीय मॉडेल रेल्वे संघटनेने (ही १९३५ पासून आहे) एचओ डब्यांच्या वजनाचा एक ठोकताळा घालून दिला आहे: २८ ग्रॅम, अधिक लांबीच्या दर इंचाला १४ ग्रॅम. साडेदहा इंचांच्या डब्याला हे पावणेदोनशे ग्रॅम होतात, म्हणजे खऱ्या प्रमाणाच्या जवळपास तिप्पट. दिसायला प्रमाणशीर डबा नीट चालवायचा तर त्याच्या पोटात प्रमाणाबाहेर वजन भरावं लागतं. काका लोखंडी वॉशर चिकटवतात, तेही तळाशी.

वजन कुठल्या डब्यात आहे यालाही महत्त्व आहे. मण्यांची माळ टेबलावर वळण देऊन ठेवा आणि दोन्ही टोकांनी ओढा. मधले मणी वळण सोडून आत येतात, माळेला सरळ व्हायचं असतं. पुढे जोरदार इंजिन, मागे जड वाघिणी आणि मध्ये एखादा हलका रिकामा डबा असेल, तर वळणावर तो डबा असाच आत ओढला जातो आणि वळणाच्या आतल्या बाजूला पडतो. नवशिक्याला वाटतं वेग जास्त झाला. पण वेगाने पडणारी गाडी बाहेरच्या बाजूला पडते. गाडी कुठल्या बाजूला पडली हे बघितल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, हा काकांच्या खोलीतला पहिला नियम आहे आणि घरातलं कुणीही तो पाळत नाही.

वेगाचा हिशेब मात्र मॉडेलच्या बाजूने लागतो. ताशी १०० किलोमीटर ८७ ने भागले की सेकंदाला ३२ सेंटिमीटर होतात, मीटरभर जायला तीन सेकंद. काकांच्या वळणाची त्रिज्या १८ इंच, खऱ्या मापात ४० मीटर. आपल्या ब्रॉडगेजवर १७५ मीटरपेक्षा तिखट वळण घालत नाहीत, म्हणजे काकांचं वळण भलतंच आवळलेलं. तरीसुद्धा ३२ सेंटिमीटर वेगाला गाडीवर बाहेर ढकलणारा जोर येतो तो तिच्या वजनाच्या जेमतेम सव्वादोन टक्के. कारण वेगाचा वर्ग होतो, त्याला त्रिज्येने भागायचं, आणि उत्तराची तुलना ज्याच्याशी करायची ते गुरुत्वाकर्षण मुळातलंच आहे. गाडीचा गुरुत्वमध्य रुळापासून २० मिलिमीटर वर धरला, तर ती उलटायला हाच जोर वजनाच्या ४१ टक्के व्हावा लागतो. त्यासाठी वेग लागेल सेकंदाला १ मीटर ३६ सेंटिमीटर. खऱ्या मापात ताशी ४२५ किलोमीटर! तेवढा वेग काका कधी घेणार नाहीत. त्यांचा नातू एकदा नॉब पूर्ण फिरवून तिथे पोचला होता.

खऱ्या गाडीला इतकी सवलत नाही. २५ एप्रिल २००५ रोजी जपानमध्ये अमागासाकी इथे ३०४ मीटर त्रिज्येच्या वळणावर, जिथे ताशी ७० ची मर्यादा होती, तिथे एक लोकल ताशी सुमारे ११६ किलोमीटरने शिरली. बाजूचा जोर वजनाच्या एक तृतीयांशावर गेला. गाडी बाहेरच्या बाजूला उलटून इमारतीवर आदळली आणि १०७ माणसं गेली. आमच्या ग्वाल्हेरच्या दोन फुटी नॅरोगेजवर, जी २०२० मध्ये बंद झाली, माणसं टपावर दाटीवाटीने बसायची. पाया दोन फुटांचा आणि गुरुत्वमध्य वर चढलेला. ती गाडी रमतगमत चालायची हे किती बरं होतं, हे हिशेब मांडल्यावर कळतं.

चाक रुळावर चढून घसरणं हा वेगळा प्रकार. चाकाच्या आतल्या बाजूला जी कड असते, रेल्वेवाले तिला फ्लँज म्हणतात, तीच गाडीला रुळावर धरून ठेवते. आपल्या रेल्वेत नव्या चाकाची ही कड साडेअठ्ठावीस मिलिमीटर खोल असते. ८७ ने भागली तर मिलिमीटरचा एक तृतीयांश. एवढ्याशा कडेवर टेबलावरची गाडी टिकणं कठीण, म्हणून मॉडेलवाले तिला जवळपास दुप्पट करून घेतात. कड रुळाला कधी चढते, याचा साधा हिशेब नादाल या फ्रेंच अभियंत्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडला, आणि तो आजही वापरात आहे. चाकावर बाजूने येणारा जोर आणि वरून येणारं वजन यांचं गुणोत्तर एका मर्यादेपलीकडे गेलं की चाक चढतं. कड ७० अंशांची आणि घर्षण कोरडं, खरबरीत (घर्षणांक ०.५) असेल तर ही मर्यादा ०.९५ च्या आसपास. तेच घर्षण तेलकट करून ०.२ वर आणलं तर १.६ च्या वर. म्हणून खऱ्या रेल्वेत तिखट वळणांवर रुळाच्या आतल्या अंगाला वंगण लावतात. काकांनीही एकदा शिवणयंत्राचं तेल लावून पाहिलं. ते रुळाच्या माथ्यावर पसरलं, लूबरोबर आलेली धूळ त्याला चिकटली, आणि चाकांना वीज मिळेना. गाडी घसरायची थांबली हे खरं. चालायचीही थांबली.

विजेवरून आठवलं. घसरलेल्या गाडीचं धातूचं चाक दोन्ही रुळांना एकदम टेकलं की शॉर्टसर्किट. हल्लीच्या डिजिटल पद्धतीत रुळांत सतत १५ व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि मागचं यंत्र पाच अँपिअरपर्यंत पुरवू शकतं. म्हणजे ७५ वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचा डाग द्यायचा सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॅटचा असतो, तर असे तीन एकाच चाकाला लावल्यासारखं झालं. प्लास्टिकची बोगी, म्हणजे डब्याखालची चाकं बसवलेली चौकट, वितळायला वेळ लागत नाही. यंत्राने क्षणात वीज तोडायला हवी, आणि ती तोडतं की नाही याची परीक्षा काका दर रविवारी घेतात: रुपयाचं नाणं दोन रुळांवर आडवं ठेवायचं. खट्ट आवाज आला पाहिजे. टेबलाच्या सगळ्यांत लांबच्या कोपऱ्यातही आला पाहिजे. तिथे तारेचा रोध जास्त असतो, त्यामुळे वीज थोडी कमी वाहते आणि यंत्राला शॉर्ट झाल्याचा पत्ताच लागत नाही.

ग्वाल्हेरात राहून या विषयावर लिहायचं आणि जयविलासच्या चांदीच्या गाडीचं नाव घ्यायचं नाही, हे कसं चालेल? जयाजीराव शिंद्यांनी १८७४ मध्ये बांधलेल्या राजवाड्यात जेवणाच्या लांब टेबलावर ती आजही उभी आहे, मद्याच्या सुरया आणि सिगार पाहुण्यांपर्यंत नेणारी. सुरई उचलली की गाडी थांबते, अशी तिची ख्याती. एका व्हाइसरॉयच्या मेजवानीत ती बेफाम सुटली आणि बड्या पाहुण्यांच्या कपड्यांवर रस्से उडवत फिरली, अशी चविष्ट दंतकथाही आहे. मला त्या गाडीत गंमत वाटते ती तिच्या मालाची. पेल्यातलं द्रव उत्तम मोजमाप देतं. अर्ध्या मीटरच्या वेगाने ६० सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणावर गाडी गेली, तर पातळी अडीच अंशही तिरकी होत नाही. पण त्याच वेगात असलेली गाडी पाच सेंटिमीटरमध्ये थांबवली, तर पातळी १४ अंशांनी वर चढायला बघते आणि हेलकाव्यात त्याच्याही पुढे जाते. म्हणजे धावणाऱ्या गाडीपेक्षा झटक्याने थांबणारी गाडी कपडे जास्त खराब करेल.

राहता राहिली टक्कर. लहान मुलांना तीच हवी असते, आणि खरं सांगायचं तर टेबलावरची टक्कर अगदीच मिळमिळीत असते. १८७ ग्रॅमच्या इंजिनात ३२ सेंटिमीटर वेगाला ऊर्जा असते ज्यूलचा एक शतांश. तेच इंजिन ९० सेंटिमीटर उंचीच्या टेबलावरून जमिनीवर पडलं तर दीड ज्यूलहून जास्त, टक्करीच्या सुमारे १७० पट. इंजिन हलकं असो की जड, ही पट बदलत नाही. नातवाने नॉब फिरवला त्या दिवशी इंजिन असंच खाली गेलं, फरशीवर. पुढचा बफर वाकला, एक पायरी तुटली. बाकी शाबूत होतं, कारण लहान वस्तूला आपल्या वजनाच्या मानाने ताकद भरपूर असते.

दुसऱ्या दिवशी काकांनी टेबलाच्या कडेला दोन इंची पट्टी ठोकली आणि खिडकीखाली जुनी गोधडी अंथरली. गोधडी मांजराला आवडली. काही दिवसांनी मांजर वर चढून बोगद्याच्या तोंडाशी झोपू लागलं. चार किलोचं मांजर, खऱ्या मापात २६०० टनांचं. परवा गाडी पूर्ण वेगात त्याच्या पोटावर जाऊन आदळली. मांजराने डोळे उघडले नाहीत. इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरत राहिली, गर्र गर्र, आणि काकांनी नॉब शून्यावर आणला.