रामोन वालेराचा तेर्नो: चार कपड्यांचा एक पोशाख

खांद्यांवर उभ्या राहणाऱ्या चपट्या ‘फुलपाखरी’ बाह्या दिसल्या की तो फिलिपिन्समधल्या बायकांचा पोशाख तेर्नो, हे लांबूनही ओळखू येतं. सगळे त्याला पारंपरिक म्हणतात. पण आज दिसणारं त्याचं रूप १९४०च्या दशकातलं आहे आणि ते घडवलं मनिलाच्या रामोन वालेरा (१९१२–१९७२) या शिवणकारागिराने.

त्याआधी हा पोशाख चार तुकड्यांचा होता. अंगात पातळ बारो म्हणजे पोलकं, खाली घोळदार साया म्हणजे घागरा, सायावर गुंडाळलेला तापिस आणि खांद्यांवरून छातीवर येणारा घडी घातलेला पान्युएलो. स्पॅनिश काळात श्रीमंत घरांत तो अननसाच्या पानांच्या धाग्यापासून विणलेल्या पिन्या कापडाचा, बारीक भरतकाम केलेला असे. फिलिपिनो लेखक होजे रिसाल यांच्या १८८७च्या कादंबरीतल्या नायिकेवरून त्याला ‘मारिया क्लारा’ नाव पडलं. अमेरिकी अंमलात घेर आटला आणि घंटेसारख्या सैल बाह्या वर चढत चपट्या झाल्या.

वालेराने हे चारही तुकडे एकाच पोशाखात आणले. कमरेला घट्ट, घोट्यापर्यंत लांब, पाठीला चेन. हुकांच्या जागी चेन, एवढ्यानेही मनिलाच्या उच्चभ्रू बायका बिचकल्या. पण खरा धक्का पान्युएलो गेल्याचा होता. आपल्याकडच्या ओढणीसारखी मर्यादा राखायची जबाबदारी त्याच्यावर होती, आणि वालेराने तोच काढून टाकला!

माझ्या मते त्याची खरी कारागिरी मात्र बाहीत आहे. ती बाही उभी ठेवायला त्याने आत न दिसणारा भक्कम आधार शिवला. बाकी सगळं साधं केलं तरी चालेल, बाही पडता कामा नये, असंच जणू त्याने ठरवलं होतं. मण्यांचं आणि भरतकामाचं वैभव त्याने पुष्कळ उधळलं, पण ओळख ठरली ती बाहीच.

पुढे राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांच्या पत्नी इमेल्डा मार्कोस यांनी तेर्नो जगभर मिरवला. त्याचा तोटाही झाला: १९८६मध्ये मार्कोस राजवट कोसळल्यावर बऱ्याच जणांना तो पोशाख त्यांचाच वाटू लागला. वालेराला ‘राष्ट्रीय कलावंत’ हा किताब मिळाला तो २००६मध्ये, मरणोत्तर. फॅशनच्या क्षेत्रातला तो पहिलाच. २०१८मध्ये फिलिपिन्सच्या सांस्कृतिक केंद्राने बेंच या कपड्यांच्या कंपनीबरोबर ‘तेर्नोकॉन’ सुरू केलं. तिथे नव्या डिझायनरांना अनुभवी मंडळी तेर्नो नीट कसा बेतायचा, शिवायचा, हे शिकवतात.