पावाची कड आणि गव्हातले एक जनुक

पावाची फोड भाजताना कड तपकिरी होऊ लागते आणि त्याच क्षणी खमंग वास सुटतो. रंग आणि वास दोन्ही एकाच रासायनिक प्रक्रियेतून येतात. पिठातील ग्लुकोजसारख्या साखरा उष्णतेत अमिनो आम्लांशी संयोग पावतात आणि त्यातून असंख्य नवी संयुगे तयार होतात. त्यांतले एक मात्र नकोसे आहे. प्रथिनात न गुंफलेले, मोकळे ॲस्परॅजिन हे अमिनो आम्ल पिठात असेल, तर सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या वर त्यापासून ॲक्रिलामाइड बनते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली या रसायनाची गणना ‘बहुधा कर्करोगकारक’ पदार्थांत केली होती; पण ते नेहमीच्या खाण्यातही असते, हे २००२ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखवल्यावरच जगाला कळले.

भट्टीची आच कमी केली की ॲक्रिलामाइड घटते, पण त्याबरोबर रंग आणि स्वादही उतरतो. म्हणूनच मला वाटते की या प्रश्नाचे खरे उत्तर भट्टीपेक्षा दाण्यात शोधायला हवे.

गव्हाचे रोप ॲस्परॅजिन उगाच साठवत नाही. नायट्रोजन साठवण्याचे आणि एका भागातून दुसऱ्या भागात वाहून नेण्याचे ते सोयीचे साधन आहे. जमिनीत गंधक कमी पडले, तर दाण्यात गंधकयुक्त साठवण-प्रथिने पुरेशी बनत नाहीत आणि अडून राहिलेला नायट्रोजन ॲस्परॅजिनच्या रूपात साचतो. ही वाढ कित्येक पटींची असू शकते.

ॲस्परॅजिन बनवणारी जनुके गव्हात अनेक आहेत, पण दाण्यात मुख्यतः काम करते ते ‘एएसएन२’. पावाच्या गव्हात जनुकसंचांचे तीन गट असल्यामुळे त्याच्या सहसा तीन प्रती असतात, आणि त्यांतली एक काही वाणांत मुळातच नसते. पारंपरिक संकराने काम करणाऱ्या पैदासकारांसाठी ही आयती संधी आहे. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड संशोधन संस्थेत नायजेल हॅलफर्ड यांच्या गटाने पुढचे पाऊल टाकले आणि क्रिस्पर या जनुकांत नेमका बदल करणाऱ्या तंत्राने हेच जनुक निकामी केले. काचगृहात वाढवलेल्या एका वाणाच्या दाण्यात मोकळे ॲस्परॅजिन ९० टक्क्यांपर्यंत घटले. २०२१ च्या शरद ऋतूत हा गहू शेतात पेरला गेला. जनुक-संपादित गव्हाची ती युरोपातील पहिली शेतचाचणी होती. तिथे संपादित रोपांच्या सर्वोत्तम वंशात मोकळे ॲस्परॅजिन सुमारे निम्म्याने घटले. काचगृहातला आकडा शेतात तसाच उतरत नाही, आणि म्हणूनच मला हा निम्मा आकडा अधिक मोलाचा वाटतो.

नायट्रोजनची वाहतूक करणारा रेणू कमी केल्यावर बी नीट रुजेल का, हा प्रश्न रास्त होता. काचगृहातील काही वंशांत उगवण खरोखरच मंदावली, पण बियांना बाहेरून ॲस्परॅजिन दिल्यावर ती सुधारली. उत्पादन न घटता हा गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकतो का, हे अनेक हंगामांच्या आणि वेगवेगळ्या जमिनींतील चाचण्यांतूनच ठरेल. तोवर, पेरणीआधी माती तपासून गंधकाची उणीव भरून काढणे हा हातात असलेल्या वाणांनाही लागू पडणारा उपाय आहे.