विम्यातील फसवणुकीचा संशय आणि राज्याचे पोलीस : पार्श्वभूमी

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत विमा केंद्राच्या यादीत आहे, तर पोलीस राज्यांच्या. त्यामुळे फसवणुकीच्या प्रकरणांची विवरणे कंपनी केंद्रीय नियामकाला देते, पण गुन्हा नोंदवायचा तर राज्याच्या पोलीस ठाण्यातच जावे लागते. नियामकाच्या 21 जानेवारी 2013 च्या परिपत्रकाने प्रत्येक कंपनीला फसवणूकविरोधी धोरण आखणे, नियामकाला वार्षिक विवरण देणे आणि तपास यंत्रणांना वेळेत कळवणे बंधनकारक केले. विमेदार वा दावेदार, मध्यस्थ आणि कंपनीतील माणसे अशी फसवणुकीची विभागणीही त्यात होती. संशय नेमका कधी फसवणूक ठरतो, हा प्रश्न मात्र त्याने सुटला नाही.

त्याचे मूळ विमा कायद्याच्या आयुर्विम्यासंबंधीच्या कलम 45 मध्ये आहे. 1938 च्या मूळ कायद्यानुसार पॉलिसी सुरू झाल्यापासून दोन वर्षांनंतर केवळ चुकीच्या माहितीवरून पॉलिसी नाकारता येत नसे; विमेदाराने महत्त्वाची बाब जाणूनबुजून, फसवण्याच्या हेतूने लपवली, हे कंपनीला दाखवावे लागे. 26 डिसेंबर 2014 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ही मुदत तीन वर्षे केली आणि त्यानंतर 'कोणत्याही कारणावरून' पॉलिसीला आव्हान देण्यास मनाई केली. म्हणजे चौथ्या वर्षी उघड झालेली फसवणूकही दावा नाकारण्यास पुरेशी नाही. आरोग्य विम्यात 2024 पासून ही मुदत साठ महिन्यांची आहे, पण तेथे सिद्ध झालेल्या फसवणुकीचा अपवाद कायम आहे.

तीन वर्षांच्या आतले वाद अधिक क्लेशकारक असतात. प्रस्ताव अर्जात मधुमेहाच्या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलेले असते आणि मृत्यूनंतर रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर 'दहा वर्षांपासून मधुमेह' अशी एक ओळ सापडते. ही केवळ चुकीची माहिती मानली, तर दावा नाकारला तरी भरलेले हप्ते नव्वद दिवसांत परत द्यावे लागतात. फसवणूक मानली, तर तेही बुडतात. शिवाय विमेदार हयात नसेल, तर फसवणूक नव्हती हे दाखवण्याचा भार कायदा लाभार्थ्यांवर टाकतो. अर्ज भरताना एजंटाने काय विचारले आणि काय लिहिले, हे ठाऊक नसलेल्या पत्नीने ते सिद्ध कसे करावे? विक्री करणारा कंपनीचाच प्रतिनिधी मानावा, असे त्याच कलमाचे स्पष्टीकरण सांगते. दावे तपासताना या वाक्याला मिळते त्याहून कितीतरी अधिक वजन मिळायला हवे, असे मला वाटते.

पोलिसांकडे जाताना कसोटी बदलते. भारतीय दंड संहितेच्या कलम 420 खाली, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली, मुळापासूनचा अप्रामाणिक हेतू दाखवावा लागतो. दावा नाकारण्यास पुरणारा कागद त्यासाठी पुरेलच असे नाही.

वाहन अपघातांच्या खोट्या दाव्यांत तर हा प्रश्न न्यायालयांनीच पोलिसांपर्यंत नेला. उत्तर प्रदेशात उच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर 2015 च्या आदेशाने विशेष तपास पथक स्थापन झाले. काही वकिलांवरही आरोप असताना तपास इतका रेंगाळला की 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला नाराजी व्यक्त करावी लागली. अपघातानंतर दावा दाखल करण्यासाठीची सहा महिन्यांची मुदत 1994 मध्ये काढून टाकण्यात आली होती. ती 1 एप्रिल 2022 पासून पुन्हा लागू झाली.